व्रताचं बटण

प्राणवेध कंपनीच्या फाटकावर त्या आठवड्यात दोन गोष्टी केल्याशिवाय कुणालाही आत सोडत नव्हते. घरून आणलेलं पसाभर धान्य निळ्या पिंपात ओतायचं आणि मग भिंतीतून बाहेर आलेल्या पांढऱ्या नळीत फुंकर मारायची. पिंप नवं होतं, अन्नदान सप्ताहापुरतं. नळी मात्र तीन महिन्यांपासून तिथंच होती. हिरवा दिवा लागला की कामावर जायचं.

ही नळी म्हणजे भूकमापी. कंपनीनं स्वतः बनवलेलं आणि मिरजेच्या माळावरच्या या कारखान्याचं नाव सगळ्या राज्यात नेलेलं यंत्र. पोटात अन्न नसलं की शरीर आपलीच चरबी जाळायला घेतं, आणि त्या जळण्याचा वास श्वासात उतरतो. असेच आठवडे गेले की शरीर स्नायूंना हात घालतं, मग वास बदलतो. आपल्या नाकाला हा फरक कळायचा नाही, नळीला बरोबर कळतो. पहिल्या प्रकाराला ती ‘ताजी भूक’ म्हणते, दुसऱ्याला ‘जुनी भूक’, आणि किती दिवसांची तेही सांगते. गरजूंना फुकट शिधा देणाऱ्या जिल्ह्यातल्या सगळ्या अन्नपेढ्यांच्या दारावर आता हीच नळी होती. श्वास खरा निघाला तर शिधा मिळायचा, नाहीतर परत फिरायचं.

सुरुवातीला फजिती झाली होती. पहिल्याच महाशिवरात्रीला सगळ्या अन्नपेढ्यांचे दिवे लाल, म्हणजे येईल तो उपाशी! एका सराफाच्या बायकोनं गंमत म्हणून फुंकर मारली, तर यंत्र तिला शिधा द्यायला निघालं. मग इंजिनिअरांनी डोकं खाजवलं आणि नळीखाली एक पिवळं बटण बसवलं. ‘व्रत’. उपवास असला की बटण दाबायचं, यंत्र ती भूक मोजणीत धरत नाही. आपल्याकडचं यंत्र आपल्याकडच्या माणसांना ओळखू लागलं म्हणून तेव्हा पेढे वाटले होते.

हेमलता चौगुले या कंपनीत कामगार कल्याण अधिकारी होती आणि सप्ताहाची सगळी कल्पना तिची. रोज प्रत्येकानं पसाभर धान्य आणायचं, पॅकिंगच्या बायकांनी त्याचे शिध्याचे खोके भरायचे, शनिवारी चार वाजता पाहुण्यांसमोर खोके अन्नपेढ्यांच्या गाड्यांत चढवायचे. आणि त्याच वेळी कंपनीच्या मोठ्या पडद्यावर आठवड्याची मोजणी झळकायची : ‘प्राणवेध परिवारात जुनी भूक – शून्य’. हे वाक्यही तिनंच लिहिलं होतं, आणि तिला ते फार आवडलं होतं.

शनिवारी सकाळी साडेअकराला ती नोंदी तपासायला बसली. सदतीस नावांपुढे सहाच्या सहा दिवस व्रत. तिला आधी हसूच आलं. सहा दिवस सलग? कुठल्या देवाला एवढं धरून बसल्यात या? मग तिनं सहज पहिल्या नावाखालचं मूळ मोजमाप उघडलं. इंदू वायदंडे, पॅकिंग, ठेकेदारी. जुनी भूक, बावीस दिवस.

तिनं दुसरं नाव उघडलं, मग तिसरं. सगळ्या पॅकिंगच्या बायका.

जेवणाच्या सुट्टीत इंदू कधी डबा उघडायची नाही, हे हेमलताला ठाऊक होतं. सोमवार महादेवाचा, मंगळवार गणपतीचा, गुरुवार दत्ताचा, शनिवार मारुतीचा. उपवास म्हटलं की कोण आग्रह करणार? उलट आपण एकदा सगळ्यांसमोर म्हणालो होतो, “इंदूबाई, तुमची श्रद्धा बघून आम्हाला लाज वाटते हो!” ते आठवून हेमलताचे कान तापले. तिनं इंदूला बोलावून घेतलं आणि संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला.

इंदूनं आकडा बघितला. पदर तोंडाशी नेला. “मॅडम, कुनाला दावू नका हे. पाया पडते.”

“किती दिवस चाललंय?”

“म्हैन्यातनं बाराच दिस काम मिळतंय आता. घरात दोन पोरं, म्हातारी सासू. त्यांचं झाल्यावर उरतंय कुठं?”

“मग अन्नपेढीत का नाही गेलात? तुमच्यासाठीच तर आहेत त्या!”

“गेल्ते की. मागच्या ऐतवारी. नळीत फुकलं, तर यंत्र म्हनालं, तुमचं व्रत हाय, शिधा मिळायचा न्हाई.”

फाटकावरची नळी आणि अन्नपेढ्यांच्या नळ्या एकाच नोंदीवर चालायच्या. महिन्यात चारांहून जास्त व्रतं असलेल्याला शिधा द्यायचा नाही, असा नियम होता; भाविकांनी रांगा अडवू नयेत म्हणून.

“अहो, पण मग बटण दाबता कशाला?”

“न्हाई दाबलं तर ‘अशक्त’ शेरा पडतो. दुसऱ्या दिशी ठेकेदार नवी बाई आनतो.” खोटं नव्हतं ते. कारखान्यातल्या लेझरच्या पट्ट्यावर काम करताना एक बाई चक्कर येऊन पडल्यापासून नियम कडक होता. व्रताचा असला तर पॅकिंगला बसवायचं, जुन्या भुकेचा असला तर घरी पाठवायचं. “मॅडम, अन्नपेढीचं काय, मिळालं तर मिळालं. हे बारा दिस गेले तर पोरांनी खायाचं काय?”

“आणि रोजचं पसाभर धान्य? ते कुठून आणत होतात?”

“पोरांच्या वाटनीचं. सगळ्यांच्या देखत पिंपावर रिकामा हात कसा न्यायचा?”

हेमलताला रडू फुटलं. तिनं ते आवरायचा प्रयत्नही केला नाही.

कारखान्याचे प्रमुख श्रीरंग पोंक्षे दोन वाजता भाषणाचे कागद चाळत होते. हेमलतानं सगळं सांगितलं. ते ऐकत गेले आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. माणूस वाईट नव्हता, पण चार वाजता बाहेर गाड्या लागणार होत्या.

“त्यांचं व्रत आहे,” ते शेवटी म्हणाले. “यंत्रात तशी नोंद आहे.”

“बायकांच्या श्वासात वेगळी नोंद आहे, सर.”

“हेमलताबाई, नीट विचार करा. मी ती व्रतं काढली, तर नियमानं सोमवारी सदतीस बायका घरी. तुम्हाला हवंय ते? आज शून्य येऊ द्या. पुढच्या महिन्यात बघू आपण काहीतरी.”

“पुढच्या महिन्यापर्यंत त्या खाणार काय?”

पोंक्ष्यांनी चष्मा काढून पुसला आणि परत घातला. “आज शून्य येऊ द्या,” ते पुन्हा म्हणाले.

बाहेर आल्यावर ती जिन्यातच थांबली. त्यांचं म्हणणं खोडून काढता येत नव्हतं, हेच तर वाईट होतं. व्रत ठेवलं तर अन्नपेढीचं दार बंद, काढलं तर कामाचं. व्रताची नोंद पुसण्याचा अधिकार तिच्या सांकेतिक शब्दाला होता, पण भूक काही तिची नव्हती. ती तडक पॅकिंगच्या शेडमध्ये गेली.

तांदूळ, डाळ, गूळ, तेलाची पुडी. बायका एका लयीत खोके भरत होत्या. तिनं दार लावून घेतलं आणि जे आहे ते स्पष्ट सांगितलं. हात थांबले.

“तुमचं काय जातंय, मॅडम?” कोपऱ्यातून एक जण फणकारली. “तुमचा पगार चालूच ऱ्हानार. काम आमचं जानार!”

“खरं आहे,” हेमलता म्हणाली. “म्हणूनच विचारायला आले. जी नको म्हणेल, तिच्या नोंदीला मी हात लावणार नाही.”

कुणी कुणाकडे बघेना. इतक्या महिन्यांत शेजारी बसून प्रत्येकीला वाटत होतं की खोटा उपवास आपल्या एकटीचाच, बाकीच्यांचे खरे.

मग इंदू उठली. तिनं टेबल धरलं. “एकटी असते तर काढली असती मला. एवढ्या बाया ठेकेदार सोमवारपर्यंत कुठनं पैदा करनार? माझं व्रत पुसा, मॅडम.”

“माझं बी,” फणकारणारी म्हणाली.

नऊ जणींनी मान हलवून नकार दिला. हेमलतानं त्यांची नावं सोडून दिली आणि फोनवर आपला सांकेतिक शब्द टाकून उरलेल्या अठ्ठावीस नोंदी एकेक करून पुसल्या.

चार वाजता मांडवात पाहुणे बसले. गाड्यांना हार घातले होते. पॅकिंगच्या बायका खोके घेऊन रांगेत उभ्या राहिल्या. पोंक्ष्यांनी छान भाषण केलं, टाळ्या झाल्या, आणि मग ते हसत पडद्याकडे वळले.

‘प्राणवेध परिवारात जुनी भूक – २८’.

टाळ्यांसाठी उचललेले काही हात तसेच राहिले. मागच्या रांगेतून कुणीतरी विचारलं, यंत्र बिघडलं का हो? पोंक्ष्यांनी हेमलताकडे बघितलं. तिनं नजर खाली केली नाही. यंत्र बिघडलंय म्हणावं, तर समोर तेच यंत्र विकत घेतलेले पाहुणे बसलेले. बरोबर आहे म्हणावं, तर...

“ही... ही नोंद आम्ही तपासून...” पोंक्षे अडखळले.

रांगेतून इंदू पुढे आली. हातातला खोका तिनं त्यांच्या पायाशी जपून खाली ठेवला, सरळ उभी राहिली आणि दम खात, पण सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, “तपासा साहेब, पुन्हा फुकते मी. पन ह्या पाव्हन्यांच्या देखत एवढं सांगा. सोमवारी आम्ही कामाला यायचं का न्हाई?”