कपाटातली एक नंबरची गाडी

"वहिनी, मी काहीच बिघडवलेलं नाही हो!" लंबू दारातच रडकुंडीला आला.

लंबू विद्यापीठात संशोधन करायचा. बुटाएवढ्या तीन गाड्या एकमेकींना वायरलेस संदेश पाठवत शिस्तीत रांगेने चालवायच्या, हा त्याचा विषय. एरवी गाड्या गुणी. पण पाहुणे आले की पुढची पळायची आणि मागच्या दोघी थिजायच्या. आजही तसंच झालं, तर त्याचे मार्गदर्शक सर त्याला हाकलणार होते.

वहिनी खासगी गुप्तहेर. भाऊजी त्यांचे दीर आणि मदतनीस. प्रयोगशाळेत शिरताच भाऊजींनी खुनशी चेहरा हेरला. तो लंबूच्या सहकारी बाईंचा होता.

"मी कशाला मोडता घालू?" बाई उसळल्या. "त्याच्या गाड्या चालल्या, तरच माझा प्रबंध हलणार!"

"मागच्या गाड्या कुणाचं ऐकतात?" वहिनींनी विचारलं.

"एक नंबरचं," लंबू म्हणाला. "पुढची गाडी कायम एक नंबरची, हा सरांचा पहिल्यापासूनचा नियम."

सर काचेच्या कपाटापाशी उभे होते. आत एक जुनाट गाडी होती.

"ही माझी सगळ्यात पहिली गाडी," सर फुलून म्हणाले. "तेव्हा एकटीच होती."

"चालते अजून?" वहिनींनी विचारलं.

"चाकं गेली. पण बटण दाबलं की दिवे लागतात! आल्यागेल्याला दाखवतो."

"पाहुण्यांतच शत्रूचा हेर आहे," भाऊजी कुजबुजले.

"भाऊजी, तुम्ही जरा बसा."

पाहुणे आले. लंबूने रिमोटवर पुढची गाडी हाकली, मागच्या दोघी निघाल्या. सरांनी हौसेने कपाटातल्या गाडीचे दिवे लावले. दोघी थिजल्या.

"लंबू, चालता हो!" सर कडाडले.

वहिनींनी शांतपणे कपाटातलं बटण बंद केलं. दोघी तुरुतुरु धावल्या.

"सर, दिव्यांबरोबर हिचा रेडिओही जागा होतो. ही एकटी होती, म्हणजे हीच पुढची; तुमच्या नियमाने हीसुद्धा एक नंबरची. 'मी उभी आहे' असं ही सांगते आणि मागच्या बिचाऱ्या ब्रेक मारतात. पुढची रिमोटवर, तिला कुणाचं ऐकायचंच नाही. लंबू एकटा असला की दिवे लावतो कोण?"

सरांचा चेहरा पडला. भाऊजींना मात्र हेर हुकल्याची हळहळ वाटली.

सरांनी कपाटाची किल्ली लंबूच्या हातावर ठेवली. "तुला उगाच छळलं रे. ही तुझ्याकडेच ठेव. मी मागितली तरी देऊ नकोस."

तेवढ्यात उशिरा आलेले एक पाहुणे कपाटाशी थबकले. "वा! हिचे दिवे लागतात?"

सरांनी आशेने हात पुढे केला.

"नाही, सर," लंबू म्हणाला. सरांना नाही म्हणायची त्याची ही पहिलीच वेळ होती.