दोन जाळ्या

मंचरला हायवेच्या कडेला घर म्हटलं की खिडकी उघडायची सोय नाही. ट्रकांचा धूर, त्यात कांद्याचा सीझन चालू झाला की मार्केटकडून उडत येणारी टरफलं अन् धूळ. खिडकी लावली तर आत कोंडतं, उघडली तर हिवाळ्यात असा गारठा शिरतो की दात वाजतात. बाकीच्यांचं त्यानं फारसं बिघडत नाही. माझ्या आरोहीला दमा होता.

आरोही आमची धाकटी. ती पाळण्यात असताना, नव्व्याण्णवच्या हिवाळ्यात, थोरली हर्षाली याच दम्यानं गेली. श्वास घेताना तिची आधी बारीक शिट्टी वाजायची, मग श्वास मध्येच अडायचा, मग पुन्हा शिट्टी. भागू, म्हणजे आमची मंडळी, तव्यावर ओवा गरम करून फडक्यात बांधायची अन् तिला हुंगायला द्यायची. पोरगी हुंगायचं सोडून पुरचुंडीची गाठच चघळत बसायची. त्यावरून मी तिला लई चिडवायचो.

आरोही हर्षालीच्या वयाला आली अन् तिलाही तीच शिट्टी लागली. डॉक्टर, औषधं, पंप, सगळं चालू केलं. पण मनाशी ठरवून टाकलं, ही जाऊ द्यायची नाही. दुधानं तोंड पोळलेला माणूस मी. शिवाय निम्मी हयात कोल्ड स्टोरेजची मशिनं बसवण्यात गेलेली, हवा काय चीज आहे ते मला दुसऱ्यानं सांगायची गरज नव्हती.

बेत असा होता. सगळ्या खिडक्या पक्क्या बंद. प्रत्येक खोलीत छताजवळ दोन जाळ्या. एकीतून गाळलेली ताजी हवा आत येणार, दुसरीतून कोंदट हवा बाहेर ओढली जाणार. जिन्याखाली एक मोठी पेटी अन् तिच्यात ॲल्युमिनियमचे पातळ पत्रे. बाहेर जाणारी उबदार हवा पत्र्याच्या एका अंगानं, आत येणारी गार हवा दुसऱ्या अंगानं. ऊब तेवढी इकडून तिकडे जाते, हवा हवेत मिसळत नाही. भागूला काही हे पटेना. मी म्हणालो, अगं, चुलीची धग तव्यातून भाकरीला लागते, धूर लागतो का? तसंच हे. 

पत्र्याचं सगळं काम जुन्नरच्या राजमहंमदनं केलं. माझा जुना दोस्त, कूलर अन् धान्याच्या कोठ्या बनवणारा. गडी काम करता करता टोमणे मारायचा. "कुंडलिकभाऊ, लोक घराला खिडक्या करत्यात, तुमी नाकपुड्या करताय," म्हणाला. आळीतले लोकही हसले. म्हटलं हसा लेकांनो.

दोन हजार सहाच्या दिवाळीनंतर मशीन चालू केलं. रात्री बसून काढणारी आरोही संक्रांतीपर्यंत सपाट उशीवर झोपायला लागली. शाळेच्या शर्यतीत धावली. भागूनं ओव्याचं फडकं धुऊन कपाटात ठेवलं. मी तर गावभर छाती काढून फिरत होतो.

एका दुपारी आरोही गणितं सोडवत बसली होती अन् मी तिच्या खोलीतल्या जाळ्या पुसायला स्टुलावर चढलो. बाहेर ओढणाऱ्या जाळीत शिट्टी वाजत होती. पत्र्याला कुठंतरी फट राहिली असणार, दुसरं काय? राजमहंमदला बोलावून घेतलं. त्यानं जोड न् जोड तपासला, पेटी उघडून पाहिली, फट काही सापडली नाही. मग जाळीला कान लावून बराच वेळ उभा राहिला. खाली उतरला तेव्हा त्याचा चेहरा पार उतरला होता.

"भाऊ, पत्रा वाजला तर एकसारखा वाजतोय," तो म्हणाला. "ह्यो मधीच अडतोय."

चहा न घेताच तो गेला.

मी पुन्हा स्टुलावर चढलो अन् ऐकलं. शिट्टी. मग अडणं. मग पुन्हा शिट्टी.  आरोहीला विचारलं, बाळा, कसला आवाज येतोय गं? ती म्हणाली, कुठं काय, पप्पा?

खाली जाऊन मी मशीनचं बटण बंद केलं. परत आलो तर जाळी गप्प होती.

आरोहीची पेन्सिल थांबली होती. खांदे वर ओढले गेले होते, ओठ काळेनिळे पडत होते. पंप दिला, पुन्हा दिला. काही फरक नाही. मी धावत जाऊन बटण दाबलं.

तिनं पेन्सिल उचलली. वर जाळीत शिट्टी सुरू झाली.

योगायोग म्हणून सोडून दिलं असतं. पण त्याच आठवड्यात भरदुपारी लाइट गेली, अन् पुन्हा तेच झालं. लाइट आली तशी पोर मोकळी झाली. वर मात्र शिट्टी.

भागू दारात उभी होती. तिला हे माझ्या आधीपासून ठाऊक होतं, तिच्या तोंडाकडे पाहिलं अन् कळलं.

"अहो, तिला लई तरास व्हतोय," ती म्हणाली.

कुणाला, ते मी विचारलं नाही. 

"मग बंद करू?"

तिनं जाळीकडे पाहिलं. मग वहीवर वाकलेल्या आरोहीकडे पाहिलं. पदर तोंडाशी धरला.

"नका," म्हणाली.

मी इन्व्हर्टर घेतला. तो पुरेना म्हणून जनरेटर घेतला. मशीन मी थांबू देत नाही अन् देणारही नाही, कुणी मला काहीही म्हणो. आरोही आता शाळेच्या कबड्डीच्या टीममध्ये आहे.

भागूनं ते फडकं पुन्हा बाहेर काढलंय. रोज दिवेलागणीला ती ओवा गरम करते, पुरचुंडी बांधते अन् स्टुलावर चढून त्या जाळीला अडकवते. सकाळी पुरचुंडी सोडायचं काम माझं, भागूच्यानं ते होत नाही. आतला ओवा कोरडाच असतो.

गाठ तेवढी ओली असते, चघळलेली.