चौदावी वजाबाकी

ही गोष्ट खरी आहे. माझी मावसबहीण, आमची ताई, खोटं बोलत नाही. आयुष्यात एकदाच बोलली, ते पुढे येईलच.

ताई दुर्बिणीवर काम करते. विश्व नुकतंच जन्मलं तेव्हा उठलेल्या गुरुत्वीय लहरींची खूण सगळ्यात जुन्या प्रकाशात उमटलीये का, हे शोधायचं. आठ वर्षं तिनं तेवढंच केलं.

तिचे सर भयंकर हुशार. पण माणूस किळसवाणा! सतत नखं खायचे. कुरतडायचे आणि थुंकायचे... कुठेही. कीबोर्डवर, कागदांवर, एकदा तर ताईच्या कॉफीत.

"शी, सर!" म्हटलं की हसायचे.

मार्चमध्ये सर गेले. ताई खूप रडली. मग हातमोजे घालून त्यांचा कीबोर्ड कचऱ्यात टाकला.

आणि त्यानंतर खूण सापडली.

आता सरांची एक पद्धत होती. सगळी मापं दोन हिश्श्यांत वाटायची आणि एकातून दुसरा वजा करायचा. आकाश दोन्हीकडे तेच, म्हणजे उरायला हवं शून्य. काही उरलंच, तर ती आकाशातली खूण नाही, यंत्रातली घाण आहे.

अशा चौदा वजाबाक्या. तेरा शून्य आल्या.

चौदावी आली नाही.

मंगळवार होता. दुपारचे तीन. खोलीत लख्ख ऊन. शुक्रवारी जगाला सांगायचं ठरलेलं. चौदावी वजाबाकी सरांनी स्वतः बसवलेली, ताईशिवाय कुणाला ठाऊक नव्हती.

ताईनं ती पुसून टाकली.

मागून आवाज आला...

कुट्.

बारीक. ओला.

कुट्... कुट्... थू.

ती गर्रकन वळली. सरांची खुर्ची रिकामी होती.

तिनं परत आपल्या कीबोर्डवर हात ठेवला. बोटाला काहीतरी चिकटलं... नखाचा तुकडा. पिवळट. त्यावर लाळ.

लाळ अजून कोमट होती.

तिनं तीनदा साबणानं हात धुतले. परत आली, तर दारात तंत्रज्ञ उभा. नाकाला रुमाल.

"मॅडम, टाकी उघडलीये. जरा बघता का? घाण वास मारतोय."

टाकी म्हणजे यंत्राचं पोट. आतली हवा काढून घेतलेली, कल्पनेपलीकडची गार, दोन वर्षं बंद. तिथे वास येईल असं काही असूच शकत नाही.

ताईनं वाकून पाहिलं...

भिंगावर नखं होती. मूठ दोन मूठ. सगळी कुरतडलेली. सगळी ओली.

"ई! कुणाची हो ही?" तंत्रज्ञाला ओकारी आली.

ताईला कळलं होतं. चौदाव्या वजाबाकीत उरलं होतं ते हेच. आठ वर्षं, आणि हाती आली ती ही घाण.

"पुसून टाक," ती म्हणाली. "आणि कुठे बोलू नकोस."

तो बोलला नाही.

शुक्रवारी सभागृह खच्चून भरलं होतं. कुणीतरी विचारलं, "सगळ्या तपासण्या केल्यात ना?"

"हो. सगळ्या."

टाळ्यांचा कडकडाट झाला. त्या आवाजातच ताईच्या दातांखाली काहीतरी आलं...

कुट्.

तिनं रुमालात थुंकलं. पाहिलं. रुमाल तसाच मुठीत आवळून ती फोटोसाठी हसली.

तेव्हापासून रोज. जेवताना, बोलताना, झोपेतून उठल्यावर तर तोंडभर. तो तंत्रज्ञही आता काही चावून खात नाही म्हणे. सगळं पातळ करून पितो.

गेल्या रविवारी ताई आमच्याकडे आली आणि हे सगळं सांगून गेली. सांगताना चारदा उठून बेसिनपाशी गेली. मी तिची बोटं निरखून पाहिली. दहाच्या दहा नखं शाबूत.

"ताई, सांगून टाक ना लोकांना!"

"आठ वर्षं गं..." ती म्हणाली. "तू तरी कुणाला सांगू नकोस."

मी मान डोलावली.

ती गेल्यावर तिचा कप मी फेकून दिला. शिसारीच आली.

मी चार दिवस गप्प बसले. आज सकाळपासून माझ्या दाढेत काहीतरी अडकलंय... म्हणून हे लिहितेय. कुणाला तरी सांगायला हवं ना?

लिहून झालं. अजून अडकलेलंच आहे.