निःशंकक

पन्हाळ्याच्या पायथ्याशी असलेल्या मज्जाविकास प्रयोगशाळेत तिसऱ्या पिढीचं यंत्र तयार झालं, तेव्हा सगळ्यांनी पेढे खाल्ले. डॉ. सुलक्षणा तारळेकरने मात्र हातही लावला नाही.

पहिल्या पिढीतल्या स्मृतिवर्धकाने स्मरणशक्ती वाढवली. तो बसवून घेतलेल्यांनी एकाग्रक घडवला आणि एकाग्रकवाल्यांनी हा निःशंकक. तांदळाच्या दाण्याएवढा, कानामागे बसवायचा.

"शंका आली की मेंदू अडखळतो," तिचा नवरा आणि सहकारी निरंजन म्हणाला. "शंकेचं केंद्र शांत केलं की निर्णय झटपट. वाईट काय त्यात?"

"दुधाने तोंड पोळलेला ताकही फुंकून पितो. हे लोक उकळतं दूध घटाघटा पितील! आणि यंत्र काढायचं का, हे विचारायचं कुणाला? ज्याच्या डोक्यात ते आहे त्यालाच. शंकाच उरली नाही तर 'काढा' कोण म्हणेल? चाचणीत ज्यांना बसवला त्यांतला आजवर एकही म्हणालेला नाही आणि आपण त्यालाच यश समजतोय."

आक्षेप घेणाऱ्याने स्वतः प्रयोगाला बसायचं, असा तिथला रिवाज होता. सुलक्षणा बसली. आधी यंत्र बंद करायची कळ तिने निरंजनकडे दिली. "आठवड्याने मी काहीही म्हणाले तरी दाब. आपल्या ओवीची शपथ आहे तुला."

आठवड्याने तो कळ घेऊन समोर आला.

"नको," ती शांतपणे म्हणाली. "शपथ घातली ती एक घाबरट बाई होती. मी दुःखी दिसते का तुला?"

दिसत नव्हती. लग्नानंतर ती इतकी प्रसन्न कधी दिसलीच नव्हती. तिचंच बरोबर असलं तर? निरंजनच्या डोक्यात निःशंकक नव्हता, त्यामुळे त्याला शंका येत होती. शंका असलेला आणि नसलेली समोरासमोर आल्यावर कोण माघार घेणार, हे सांगायला शास्त्रज्ञ कशाला हवा?

"उद्या बघू," तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सुलक्षणा सहा वर्षांच्या लेकीला, ओवीला, प्रयोगशाळेतून घरी घेऊन आली. पोरीच्या कानामागे चिकटपट्टी होती.

"तुला विचारलं असतं तर पुन्हा उद्यावर ढकललं असतंस."

निरंजनने कळ दाबली. सुलक्षणाने ओवीला छातीशी धरून हंबरडा फोडला. "काय करून बसले मी! काढा, आत्ताच्या आत्ता काढा हिचं!"

ओवीची कळ प्रयोगशाळेच्या संचालकांकडे होती. बोलावताच ते घरी आले, ओवीसमोर गुडघ्यांवर बसले आणि नियमाप्रमाणे विचारलं, "काढू का गं बाळा?"

"नको," ओवी म्हणाली. तिने आईचे डोळे पुसले. "आईचं का बंद केलं? तिचं परत चालू करा ना."