नवख्यांसाठी चौदा पायऱ्या

यंत्राबरोबर खोक्यात जे पुस्तक येतं आणि जे कोणी वाचत नाही, ते मी लिहिते. एकतीस वर्षं लिहितेय. शिलाई मशीन, मिक्सर, पाण्याचा पंप, रक्तदाब मोजायचं यंत्र. लोक आधी यंत्र बिघडवतात आणि मग पुस्तक शोधतात, हे मला ठाऊक आहे. त्याचं वाईट वाटून घ्यायचं मी कधीच सोडलं.

माझे नियम थोडे आहेत. एका पायरीत एकच काम. 'कृपया' लिहायचं नाही. अडलेल्या माणसाला विनंती नको असते, सूचना हवी असते. चूक होण्यासारखी जागा आली की मी लिहिते, 'एवढं झालं की थांबा.' हे वाक्य माझं आहे, दुसऱ्या कुणाच्या पुस्तकात मी ते पाहिलेलं नाही. आणि सगळ्यांत जुना नियम म्हणजे चाचणीचा. लिहिलेलं कोऱ्या माणसाच्या हाती द्यायचं, आपण त्याच्या मागे वही घेऊन बसायचं आणि काही झालं तरी तोंड उघडायचं नाही. त्याने विचारलं तर प्रश्न वहीत लिहायचा, उत्तर द्यायचं नाही. पुस्तक ज्याच्या घरी जाणार, त्याच्या मागे काही आपण बसलेलो नसतो.

माझा कोरा माणूस म्हणजे माझी धाकटी बहीण, ठमी. तिचं खरं नाव दवाखान्याच्या कागदांपुरतं उरलंय. तिच्याइतकं शब्दाला शब्द धरून चालणारं माणूस शोधून सापडणार नाही. 'झाकण उघडा' वाचून तिने एकदा स्क्रू ड्रायव्हर आणला आणि अख्खं मशीन उघडून ठेवलं. मी मागे ओठ घट्ट मिटून बसले होते. नंतर दोघी इतक्या हसलो की खालच्या दुकानातला किल्लीवाला जिना चढून विचारायला आला.

नवरा गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षं, ती माझ्याकडे राहते. विचारून वागणारी ती आधीपासूनच होती. नंतर फक्त श्वास तेवढा न विचारता घ्यायची. 'ताई, चहा ठेवू का? ताई, खिडकी लावू का? ताई, ही चप्पल अजून चालेल का?' दिवसभर. मी तिच्याहून नऊ वर्षांनी मोठी. छातीत दोनदा दुखून गेलंय, आणि माझ्यामागे हिचं कसं व्हायचं हा घोर मला आहेच. पण खोटं कशाला बोलू? चाचणीच्या दोन तासांची मी वाट पाहायचे. त्या दोन तासांत तिने विचारायचं असायचं आणि मला उत्तर द्यायचं नसायचं.

यंदा उन्हाळा सुरू होताना एका कंपनीच्या माणसाचा फोन आला. मी त्याला गेमवाला म्हणते. कायम सर्दी झालेला, पण सभ्य. त्यांचा इंटरनेटवरचा एक खेळ होता. जादू, राक्षस, तलवारी, आणि एकाच जंगलात एकाच वेळी हजारो माणसं. नवा माणूस आत यायचा, पहिल्या तासात चारदा मरायचा आणि परत फिरकायचा नाही.

"नवख्यांसाठी सल्ला लिहून द्या," तो म्हणाला. "आमच्यातल्यांनी लिहिला की तो आमच्यातल्यांनाच कळतो."

आठवडाभर मी स्वतः खेळले. राक्षस राहिला बाजूला, मला बकरीने मारलं. अकरा वेळा. पण खेळ म्हणजेही यंत्रच. कुठलं बटण काय करतं ते कळलं की भीती जाते. शेवटी चौदा पायऱ्या झाल्या. सुरुवातीला वैदू व्हा. योद्धे पैशाला पासरी असतात, वैदूला सगळे सोबत घेतात. ज्याच्या डोक्यावर पिवळी खूण दिसते त्याच्याशी बोला, तो काम देतो. जनावराच्या डोक्यावरचा आकडा लाल असेल तर लढू नका, पळा. दिसेल ते पिशवीत भरू नका. पिशवी जड झाली की पळता येत नाही. अनोळखी माणूस खजिना दाखवतो म्हणाला तर त्याच्यामागे जाऊ नका. आणि चौदावी: खेळ बंद करण्याआधी पात्राला धर्मशाळेत झोपवा, नाहीतर तुम्ही गेल्यावरही ते तिथेच उभं राहतं. एवढं झालं की थांबा.

पहिली चाचणी नेहमीसारखी झाली. दुपारचे तीन वाजलेले. खिडकीतलं ऊन टेबलाच्या पायापर्यंत आलेलं, खाली किल्लीवाल्याची कानस चाललेली, संगणकाचा पंखा घरघरत होता. ठमी कागदावर बोट ठेवून मोठ्याने वाचत होती. "ताई, वैदू म्हणजे हा टोपीवाला का?" मी लिहून घेतलं. "अगं बाई, मेले मी!" तेही लिहून घेतलं. दोन तासांनी तिने पात्राला धर्मशाळेत झोपवलं, "झालं" म्हणाली आणि माझ्याकडे वळून हसली.

चार वाक्यं दुरुस्त करून मी नवा कागद छापला. दुसऱ्या दिवशी तीच वेळ. या खेपेस ती बकरीला टाळून गेली. चौदावी पायरी वाचली, पात्राला झोपवलं. मी वही मिटली.

"पंधरा," ठमी म्हणाली. "झोप लागली नाही तर उठा."

आवाज तसाच, कागद वाचतानाचा. बोट कागदावरून खाली सरकलं.

"सोळा. मागच्या दाराने बाहेर पडा. सतरा. कंदील घेऊ नका. एवढं झालं की थांबा."

पडद्यावरचा वैदू उठला आणि खाटेमागच्या अंधारात एका दारातून बाहेर पडला. आठवडाभर मी त्या धर्मशाळेत पात्र झोपवलं होतं. तिला एकच दार होतं, पुढचं.

मी बोलायला हवं होतं. पण चाचणी करणारा 'झालं' म्हणेपर्यंत चाचणी चालू असते, आणि एकतीस वर्षांत मी एकदाही ती मोडली नव्हती. शिवाय पायऱ्या चांगल्या होत्या. एकेका पायरीत एकेकच काम. मीच लिहिल्यासारख्या.

नंतर कागद पाहिला. चौदा पायऱ्या, खाली कोरी जागा.

"ठमे, पंधरावी कुठे वाचलीस?"

"ही काय." तिने कोऱ्या जागेवर बोट ठेवलं. मी थट्टा करतेय असं तिला वाटलं असावं. "तूच तर लिहिलीस."

गेमवाल्याला फोन केला. तो नाक ओढत म्हणाला, "मागचं दार? नाही हो. मागे भिंत आहे. भिंतीपलीकडे आम्ही काही बनवलेलंच नाही."

तिसऱ्या दिवशी मी खुर्ची अशी ठेवली की तिच्या खांद्यावरून कागद दिसावा. चौदानंतर तिचं बोट पांढऱ्या कागदावरून ओळीओळीच्या अंतराने खाली उतरू लागलं. खेळात नदी आली. काठाने वाट, पुढे लाकडी पूल. पुलाच्या पलीकडे काही दिसत नव्हतं.

"अठरा. काठाने चाला. एकोणीस. मागे बघायचं असेल तर आता बघा."

तिने पात्र वळवलं. दूर एक झाड होतं आणि झाडाखाली एक बाई बसलेली होती. मांडीवर काहीतरी पांढरं. डोक्यावर पिवळी खूण नव्हती, आकडाही नव्हता. एवढ्या अंतरावरून तोंड दिसत नव्हतं.

"ताई, ही कोण?" ठमीने विचारलं.

मी वहीत लिहिलं, 'ही कोण?'

झाडाखालच्या बाईचा उजवा हात हलला आणि थांबला.

माझ्या हातातली पेन्सिल तशीच राहिली. ठमी पुढे वाचत होती.

"वीस. मागे बसलेल्या बाईला काही विचारू नका. ती उत्तर देत नाही. एकवीस. प्रश्न असेल तर इकडे विचारा."

ती पडद्याकडे झुकली. हळू आवाजात म्हणाली, "ताई, पूल ओलांडू का?"

खालची कानस थांबली. पंख्याची घरघर तेवढी येत होती. ठमीने मान किंचित कलती केली.

"बरं," ती म्हणाली. "उद्या." मग मागे वळून मला म्हणाली, "झालं."

मी तो कागद फाडून टाकला. काम नको म्हणून गेमवाल्याला कळवलं. ठमीला सांगितलं की चाचणी संपली, पुस्तक पास झालं. ती "बरं" म्हणाली. घाबरलेली मी होते, ती नव्हती.

दुसऱ्या दिवशी तीनच्या सुमारास मी न्हाणीघरात कपडे पिळत होते. बाहेर पंख्याची घरघर सुरू झाली. ओल्या हातांनी धावत आले तर ठमी संगणकासमोर बसलेली. पुढ्यात कागद नव्हता. बोट टेबलाच्या लाकडावरून ओळीओळीने उतरत होतं. पडद्यावर पूल होता, आणि वैदू अर्ध्या पुलावर.

"ठमे!"

"तेवीस," ती म्हणाली. "हाक आली तर वळू नका."

"ठमे, थांब! मी सांगतेय ना, थांब!"

मी तिचा खांदा धरून हलवला. खांदा हलला, मान हलली नाही. बोट एकाच बटणावर पडत होतं. वैदूची टोपी धुक्यात शिरली.

मी भिंतीतली वायर उपटली.

पडदा काळा झाला. पंखा थांबला.

तिचं बोट आणखी बारा वेळा बटणावर पडलं. मी मोजलं. दुसरं काही करण्यासारखं नव्हतं.

मग ती "झालं" म्हणाली, उठली आणि चहा ठेवायला गेली. न विचारता.

आधी मला बरंच वाटलं. इडापिडा टळली असं वाटलं. दोन दिवस घरात एकही प्रश्न नव्हता. ठमीने खिडक्या वेळेवर लावल्या, बाजारात एकटी जाऊन आली. किल्लीवाला म्हणाला, "धाकट्या बाई किती सुधारल्या हो!" मीही मान डोलावली. चहा ती एकच कप करत होती, हे माझ्या तिसऱ्या दिवशी लक्षात आलं. हाका मारल्या तर ओ नव्हती.

डॉक्टरांनी कान तपासले. डोळ्यांत बॅटरी मारली, वार विचारला, उलटे आकडे म्हणायला लावले. सगळं बरोबर. "घरी कोण असतं?" त्यांनी विचारलं. "ताई असते," ठमी म्हणाली. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. ठमीने त्या दिशेला पाहिलं. बसस्टॉपवर शेजारी येऊन बसलेल्या बाईकडे बघावं, तेवढंच.

घरी आल्यावर ती ओट्यापाशी उभी राहिली आणि म्हणाली, "ताई, चहा ठेवू का?"

माझ्या डोळ्यांत पाणीच आलं. "ठेव गं, ठेव," मी म्हणाले. "दोन कप ठेव."

ती थांबून राहिली. तोंड माझ्याकडे नव्हतंच, खिडकीशेजारच्या भिंतीकडे होतं. मान किंचित कलती. मग "बरं" म्हणाली आणि एक कप पाणी मोजून घेतलं.

तेव्हापासून मी प्रत्येक प्रश्नाला उत्तर देते. लगेच देते, तिचं वाक्य संपायच्या आत देते. खिडकी लावू का? लाव. चप्पल चालेल का? चालेल, पण आपण नवी आणू, दोघी जाऊन आणू. कधी ओरडून देते, कधी तिच्या कानाशी वाकून. सहा वर्षं मी जे तोंडातल्या तोंडात गिळलं ते सगळं आता मोठ्याने बोलते. ती माझं बोलणं संपायची वाट पाहत नाही. तिला काही ऐकू आलेलंच नसतं. मी गेल्यावर हिचं कसं होणार हा घोर आता मला राहिलेला नाही, कारण हिला विचारायला कोणीतरी आहे. रात्रंदिवस आहे, आणि ते माझ्यासारखं कंटाळत नाही.

काल दुपारी ती खाटेवर कपड्यांच्या घड्या घालत होती. मी मागे खुर्चीवर बसले होते आणि बोलत होते. लहानपणचं, आईचं, त्या उघडून ठेवलेल्या मशीनचं, जे सुचेल ते. तासभर तरी बोलले असेन. एक चादर अर्धी दुमडून तिचे हात थांबले.

"ताई," ती हळूच म्हणाली. मी गप्प झाले.

"ती मागे बसलेली बाई अजून जात नाहीये. तिचं काय करू?"

मग ती ऐकत राहिली. या वेळी उत्तर लांब असावं. मध्येमध्ये ती मान हलवत होती, एकदा बोटांवर काहीतरी मोजलं, एकदा "पुन्हा सांग" म्हणाली. शेवटी "बरं" म्हणून तिने चादर खाली ठेवली आणि उठून आधी दाराला आतून कडी लावली.