रिकाम्या सभागृहाचं एक मिनिट

काम तसं साधंच होतं. एका बँडचा पहिला लाइव्ह अल्बम तयार होत आला होता आणि गाण्यांच्या मधल्या जागा तेवढ्या साफ करायच्या राहिल्या होत्या. बँडचे आधीचे तीन अल्बम स्टुडिओत झाले होते. तिन्ही गाजले, आणि जितके गाजले तितक्याच लोकांच्या जिभाही सुटल्या. स्टुडिओत काय, दगडसुद्धा गातो, माणसांसमोर उभं राहून गा म्हणावं! मग हातच्या काकणाला आरसा कशाला, म्हणून बँडने अडीच हजार माणसांसमोर सात गाणी म्हटली. रेकॉर्डिंग केलं ते कानसेनने.

कानसेन हे त्याचं नाव नव्हे, पण खरं नाव आता कुणाला आठवतही नव्हतं. कुठल्या रांगेत कोण खोकलं ते हा मागच्या खोलीत हेडफोन लावून सांगायचा. पाय मात्र अधू. एकदा माइक टांगताना शिडीवरून पडला, तेव्हापासून डावा पाय घसटत चालायचा. "देवाने कान दिला आणि त्याची किंमत पायातून कापून घेतली," असं तोच हसत सांगायचा.

त्याचा एक नियम होता. प्रेक्षक आत सोडण्याआधी तो सभागृहाची सगळी दारं लावून घ्यायचा, सगळ्यांना फोन बंद करायला लावायचा आणि रिकाम्या सभागृहाची एक मिनिट शांतता रेकॉर्ड करायचा. प्रत्येक सभागृहाची शांतता निराळी असते. पुढे गाण्यांच्या मध्ये कुणी शिंकलं, खुर्ची करकरली, की तेवढा तुकडा कापून तिथे याच शांततेचं ठिगळ लावायचं. ठिगळ कुठे आहे ते बँडलाही कळत नसे.

नियम त्याच्या बायकोचाही होता. सव्वीस वर्षं ती त्याच्या प्रत्येक कार्यक्रमाला शेवटच्या रांगेत, कडेच्या खुर्चीवर बसली. सगळ्यांच्या टाळ्या विरल्या की मग तिच्या वाजायच्या. दोन, आणि जरा थांबून एक. मी आहे, एवढंच सांगायला. मग तो आपल्या माइकवर बोटाने दोनदा टकटक करायचा, ती स्पीकरमधून तिला ऐकू जायची. लोकांना वाटे, हा माइक तपासतोय.

या कार्यक्रमाला मात्र ती आली नव्हती. सकाळपासून छातीत जड वाटत होतं. "तुम्ही जा हो. बरं वाटलं तर येईनच संध्याकाळी," म्हणाली. चार वाजता त्याने शांततेचं मिनिट रेकॉर्ड केलं. फोन बंद होता, आणि कामाच्या घाईत तो सुरू करायचा राहून गेला. कार्यक्रम संपल्यावर सुरू केला तेव्हा तिचा एक कॉल दिसला, चारचा. त्याच्यावर शेजारणीचे अकरा. डॉक्टर म्हणाले, चारच्या सुमारासच गेल्या असाव्यात.

तीन महिने झाले होते. उचलला असतास तरी काय झालं असतं, असं सगळे समजावायचे. खरंही असेल. पण तिने हाक मारली आणि आपण ओ दिली नाही, हे त्याच्या मनातून काही केल्या जात नव्हतं.

एके दिवशी सकाळी बँडची गायिका स्टुडिओत आली. कानसेनने तिला ऐकायला म्हणून सगळे माइक तसेच जोडून कच्ची प्रत पाठवली होती. प्रेक्षकांतले चार माइक त्याने स्वतः अजून ऐकलेच नव्हते. शेवटच्या रांगेचा तो चौथा माइक लावायचा धीरच होत नव्हता.

"काका, एक विचारू? तो शेवटचा टाळीवाला कोण आहे?"

"कुठला?"

"प्रत्येक गाण्यानंतर येतो. सगळे थांबतात, आणि मग... थांबा, ऐकाच."

तिने पहिल्या गाण्याचा शेवट लावला. टाळ्यांचा पूर आला, ओसरला. आणि मागून कुठूनतरी, अगदी बारीक, टप, टप... टप.

"उशिरा का होईना, बिचाऱ्याला आवडलं तर खरं," गायिका हसली. "पण काढाल ना? पुढच्या गाण्याच्या सुरुवातीवर येतंय."

"काढतो."

"काका, बरं नाही का?"

"झोप झाली नाही नीट."

ती गेली. स्टुडिओचं जाड दार तिच्यामागे आपल्या वजनाने बंद झालं. आत खिडकी नव्हती, घड्याळाची टिकटिकही नव्हती. गरम झालेल्या मशीनचा वास तेवढा होता.

जगात अशा दोन आणि मग एक टाळ्या वाजवणारं दुसरंही कुणी असेल, अशी त्याने मनाची समजूत घातली. पहिल्या गाण्यानंतरची टाळी कापली, तिथे शांततेचं ठिगळ लावलं आणि ऐकलं.

टप, टप... टप.

टाळी तिथेच होती, उलट जरा जवळ आलेली. ठिगळ नीट बसलं नसेल म्हणून त्याने तपासलं. ठिगळ बरोबर होतं. म्हणजे टाळी ठिगळातच होती.

त्याने ते मूळ मिनिट उघडलं. दुपारी चार, दारं बंद, सभागृहात चिटपाखरू नाही. पुढे पहिल्या माइकपाशी तो स्वतः डोळे मिटून उभा होता, हे त्याला लख्ख आठवत होतं. चौथ्या माइकवर टाळी वाजली. मग खुर्ची दुमडल्याचा आवाज आला. मग पावलं. मधल्या वाटेने सावकाश, तिसऱ्या माइकवरून दुसऱ्यावर, दुसऱ्यावरून पहिल्यावर. पावलं थांबली. दमलेला श्वास ऐकू आला, अगदी कानाशी.

"अहो..."

आणि त्यावर लगेच त्याचाच खणखणीत आवाज आला. "झालं! दारं उघडा!"

कानसेन हेडफोन तसेच ठेवून रडला. ती आली होती. जिवाच्या आकांताने त्याच्यापर्यंत चालत आली होती आणि त्याने तिचं बोलणं मध्येच तोडलं होतं. म्हणून मग ती मागे जाऊन बसली आणि सात गाणी, सात वेळा, टकटकीची वाट पाहत राहिली.

त्याने समोरचा माइक ओढला आणि बोटाने दोनदा टकटक केली.

कुठूनच काही आलं नाही. बऱ्याच वेळाने त्याने पुन्हा पहिलं गाणं लावलं. टाळी नव्हती. दुसऱ्यानंतर नाही, सातव्यानंतरही नाही. ते मिनिटसुद्धा कोरं झालं होतं, त्यात फक्त पंख्याची घरघर उरली होती. तिला ओ मिळाली होती. आता खोलीत तो एकटा होता, आणि इतका एकटा तो त्या तीन महिन्यांतही नव्हता. न राहवून त्याने आणखी एकदा टकटक केली. मग आणखी एकदा. "अगं, थांब ना जरा... मलाही यायचंय," तो म्हणाला.

दोन दिवसांनी दुपारी, साफ केलेली प्रत ऐकून गायिकेचा फोन आला.

"काका, काय सफाईने काढलीत टाळी! आणि शेवटची ती पावलं राहू द्या हं. छान वाटतात."

"कसली पावलं?"

"सातव्या गाण्यानंतर नाही का? एक खुर्ची दुमडते, मग दोघं जण मधल्या वाटेने बाहेर जातात. एकाचा पाय जरा घसटतोय..." ती हसायला लागली आणि अर्ध्यातच थांबली. "काका, तुम्ही तेव्हा मागच्या खोलीत होतात ना?"

"होतो."

"मग..." तिने तो शेवट पुन्हा लावून ऐकला. "शेवटी दार उघडतं. पण ते बंद झाल्याचा आवाज नाहीये. कापला गेला का तुमच्याकडून?"

कानसेनने दाराकडे पाहिलं. स्टुडिओचं दार उघडं ठेवायचं तर त्याला खुर्ची लावावी लागे. आत्ता खुर्ची कोपऱ्यात होती आणि दार हातभर उघडं होतं. त्याने फोन हलकेच टेबलावर ठेवला आणि पायाने चपला शोधल्या.

"आलो गं," तो म्हणाला.

दाराबाहेर दोन टाळ्या वाजल्या. तिसरी अजून वाजायची होती.