जिथून उचललात, तिथेच ठेवा

हॉस्पिटलची ड्यूटी संपवून हिंजवडीच्या खोलीवर आले, तर माझी गादी जिन्यात! आणि दारात एक उंच मुलगा... हातात माझा कुकर.

"ठेवा तो."

"कुठे?"

"जिथून उचललात, तिथेच!"

मास्कवरचे त्याचे डोळे हसले. मला आणखीच राग आला. घरमालक सर्जेरावांचा हा ऋषी, ऑफिस बंद झालं म्हणून बंगळूरहून घरी आलेला.

मागून सर्जेराव गरजले, "पोरी, तू नर्स हाय. कोविड वॉर्डातनं साथ घरात आणशील. खोली रिकामी कर."

"जाऊ कुठे? यवतमाळच्या गाड्या बंद. आणि सरकारचा आदेश आहे, साथ असेपर्यंत भाडेकरूला काढायचं नाही." मी मोबाईलच त्यांच्यासमोर धरला. "मी नाही जात. काय करायचं ते करा!"

सर्जेराव झटकन मागे सरकले. ऋषीने गुपचूप कुकर आत ठेवला.

मग सर्जेरावांनी माझं पाणी तोडलं. रोज ते गच्चीवर जाऊन माझ्या खोलीचा कॉक बंद करायचे. मी घरी आले की जिने चढून उघडायची, मुद्दाम पाय आपटत. एकदा बघते तर ऋषी आधीच कॉक उघडून उभा.

"वडिलांच्या विरोधात?"

"छे हो... कोण एवढे पाय आपटतं, ते बघायला."

"काहून? झोपमोड होते?"

"हे 'काहून' परत म्हणा ना..."

दिवसभर पीपीई किटमध्ये उकडून निघालेली मी, चक्क लाजले. बाप्पा!

हळूहळू सर्जेरावांनी कॉक बंद करणं सोडलं. आम्ही दोघं मात्र गच्चीवर जातच राहिलो. ते जिन्यात भेटले की नुसते खाकरायचे.

एक दिवस आदेश उठला. सर्जेराव दारात हजर.

"संपला तुझा आदेश. आता गं?"

माझी बॅग भरलेली होती. कात्रजला मैत्रिणीकडे सोय केली होती.

"तुम्ही काढताय म्हणून नाही, माझ्या मर्जीनं जातेय."

ऋषी माझं सामान उतरवत होता. हातात तोच कुकर. तो थबकला. "बाबा, मला पूर्णिमाशी लग्न करायचंय." मग माझ्याकडे वळून, एकदम हळू, "म्हणजे... तू हो म्हणालीस तर..."

मी मान ताठ ठेवली.

"हो! पण परत येईन ती माप ओलांडून. मग बघते, मला कोण काढतं ते!"

सर्जेराव खाकरले. मग लेकावर खेकसले, "उभा काय ऱ्हायलास? कुकर आत ठीव... आपल्या सैपाकघरात."